मॉडेल बीआयटी सैल करायच्या आधी दाभोळची फाईल एकदा उघडा

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री आणि आर्थिक व्यवहार विभागातले सगळे अधिकारी

प्रत : महाराष्ट्राचे ४८ लोकसभा खासदार, पक्ष कुठलाही असो

विषय : परदेशी गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या करारांचा नमुना बदलण्याबाबत

नमस्कार मॅडम,

१ फेब्रुवारी २०२५ च्या बजेट भाषणात तुम्ही एक वाक्य वाचलंत, की आपलं सध्याचं मॉडेल बीआयटी, म्हणजे द्विपक्षीय गुंतवणूक कराराचा नमुना, बदलून जास्त इन्व्हेस्टर-फ्रेंडली करणार. त्या दिवशी आम्ही सगळे १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही या बातमीवर इतके खूश होतो की हे वाक्य कधी आलं आणि कधी गेलं कुणाला कळलंसुद्धा नाही. मी चिपळूणचा. वीजबिल भरणारा साधा ग्राहक, वकील नाही, अर्थतज्ज्ञ तर नाहीच नाही. पण आमच्या शेजारच्या गुहागर तालुक्यात, दाभोळ वीजप्रकल्पात, या विषयाचं अख्खं प्रात्यक्षिक होऊन गेलंय आणि त्याचे पैसे आम्ही भरलेत, त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजून लिहितोय.

ज्यांना हे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो (खासदारसाहेब, यात तुम्हीपण आलात, राग मानू नका). दोन देश एक करार करतात. तुझ्या देशातल्या कंपनीने माझ्याकडे पैसे घातले तर मी तिला नीट वागवीन, तिची मालमत्ता भरपाईशिवाय हिसकावून घेणार नाही, तिचा नफा बाहेर न्यायला अडवणार नाही. इथपर्यंत कुणाची हरकत असायचं कारण नाही. खरी गोष्ट पुढच्या कलमात असते. सरकारने शब्द मोडला असं त्या कंपनीला वाटलं तर ती आपल्या कोर्टात न जाता थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते, तीन पंच बसतात, एक कंपनीने नेमलेला, एक सरकारने, एक मधला, आणि ते जे ठरवतील त्यावर अपील जवळजवळ नाही. आणि ही वाट एकाच बाजूने चालू असते. कंपनी देशावर केस टाकू शकते, पण कंपनीमुळे ज्याची जमीन गेली, मासेमारी गेली किंवा बिल वाढलं त्याला त्या लवादाचं दार बंद. जगभरात अशा १,३०० च्या वर केसेस झाल्यात आणि एका केसचा वकील-लवादांचा खर्चच सरासरी ८० लाख डॉलरच्या वर जातो असं ओईसीडीनं, म्हणजे श्रीमंत देशांच्या संघटनेनं, २०१२ मध्ये काढलं होतं. तेव्हा फायदा कुणाचा हे विचारलं तर पहिलं उत्तर, केस कुणीही जिंको, मोठ्या लॉ फर्म्सचा.

आता दाभोळ, म्हणजे एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प. नव्या पिढीला एन्रॉन म्हणजे फक्त एक जुना घोटाळा एवढंच माहीत असतं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनासुद्धा शेवटचा अंक माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं आली आणि त्याच महिन्यात सामंजस्य करार झाला. टेंडर नाही, स्पर्धा नाही. वर्ल्ड बँकेने १९९३ मध्ये सांगून टाकलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, आम्ही कर्ज देणार नाही. तरी डिसेंबर १९९३ मध्ये आपल्या वीज मंडळाने वीजखरेदीची सही केली. वीज घ्या न घ्या, ठरलेला स्थिर आकार द्यायचाच, हिशोब डॉलरशी बांधलेला, इंधनाची किंमत वाढली तर ती आपल्या डोक्यावर, रुपया पडला तर तोही आपल्या डोक्यावर, आणि भांडण झालं तर लंडनमध्ये लवाद. वर राज्य सरकारची हमी आणि राज्याच्या हमीवर केंद्राची काउंटर गॅरंटी. थोडक्यात कंपनीला धोका काय होता ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांनी मुंडे समितीच्या अहवालावर ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला, आणि काही महिन्यांत पुन्हा बोलणी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. दिल्लीत वाजपेयींचं १३ दिवसांचं सरकार मे १९९६ मध्ये आलं आणि गेलं, पण जाता जाता या काउंटर गॅरंटीला मंजुरी देऊन गेलं. म्हणजे यात काँग्रेस, युती, केंद्र, राज्य, सगळे आले. मी कुणा एकाच्या नावाने बोटं मोडत नाहीये.

प्रकल्पाजवळच्या वेलदूर, अंजनवेल, रानवीच्या लोकांनी तेव्हा विरोध केला होता, त्यात मच्छीमार बायका पुढे होत्या. ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस वेलदूरमध्ये घराघरात घुसले, बायकांना मारहाण करून धरून नेलं. हे मी ऐकीव सांगत नाहीये, अ‍ॅम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये, या मानवी हक्क संघटनांनी, यावर रिपोर्ट काढले, दुसऱ्या रिपोर्टमध्ये तर तिथे नेमलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती असंही लिहिलंय. या बायकांसाठी कुठला आंतरराष्ट्रीय लवाद होता? कुठलाच नाही. गुहागरचं कोर्ट होतं आणि त्यांच्यावरच्याच केसेस होत्या.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, नाफ्थ्यावर, म्हणजे तेलापासूनच्या इंधनावर. तेल महागलं, डॉलर महागला, वीज मंडळ पूर्ण क्षमतेने वीज घेऊ शकेना, पण स्थिर आकार चालूच, त्यामुळे युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. त्या काळात सात रुपये! २००१ मध्ये गोडबोले समितीने सगळं आकड्यांत मांडून दाखवलं, मंडळाने पैसे थांबवले, मे २००१ मध्ये करार मोडला आणि प्लांट बंद पडला. त्याच डिसेंबरात अमेरिकेत खुद्द एन्रॉनचंच दिवाळं निघालं.

बहुतेकांच्या डोक्यात गोष्ट इथे संपते. प्रत्यक्षात तुमच्या खात्याशी संबंधित भाग इथून सुरू होतो.

एन्रॉनचे दोन छोटे भागीदार होते, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, दोन्ही अमेरिकन. भारत आणि अमेरिका यांच्यात असा गुंतवणूक संरक्षण करारच नाही, तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मग अमेरिकन कंपन्यांनी भारत सरकारवर केस टाकली ती कशाच्या जोरावर? मॉरिशसच्या. दाभोळमधले त्यांचे शेअर्स मॉरिशसमध्ये नोंदवलेल्या कंपन्यांच्या नावावर होते, आणि भारत-मॉरिशस करार १९९८ मध्ये सही होऊन २००० मध्ये लागू झाला होता. बघा हां, वीजखरेदीचा करार १९९३ चा, त्या वेळी हा बीआयटी जन्मालासुद्धा आला नव्हता. २००३ मध्ये या दोघांनी मॉरिशसच्या नावाने एक अब्ज डॉलरच्या वरचा दावा ठोकला. त्यांच्या मागोमाग कर्ज देणाऱ्या परदेशी बँका आल्या, कुणी नेदरलँड्सच्या करारावर, कुणी ब्रिटनच्या, कुणी फ्रान्सच्या, कुणी स्वित्झर्लंडच्या, ऑस्ट्रियाच्यासुद्धा. आणि अमेरिकन सरकारची विमा देणारी संस्था ओपिक, तिने कंपन्यांना क्लेम देऊन टाकला आणि मग २००४ मध्ये अमेरिकेने सरकार म्हणून भारतावर वेगळी केस काढली. एकाच बंद प्लांटवर इतकी दारं उघडली.

२००४ मध्येच जीई आणि बेक्टेलने दिवाळखोरीतल्या एन्रॉनचा मोठा हिस्सा साधारण दोन कोटी डॉलरला उचलला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, बेक्टेलला सुमारे १६ कोटी डॉलर, जीईला सुमारे साडेचौदा कोटी. प्लांट एनटीपीसी आणि गेलच्या नव्या कंपनीकडे आला, आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय अशा आपल्याच बँकांची हजारो कोटींची कर्जं अडकली होती त्यांनी सोसलं, आणि नंतर गॅस मिळेना म्हणून तो प्लांट २०१३ पासून पडून राहिला तो २०१५ च्या शेवटी रेल्वेला वीज द्यायला लागेपर्यंत. म्हणजे हिशोब असा की ज्यांनी खराब करार लिहून घेतला ते पैसे घेऊन बाहेर पडले, ज्यांनी सह्या केल्या ते निवडणुका लढत राहिले, आणि बिल वीजग्राहक, ठेवीदार आणि टॅक्स भरणाऱ्यांकडे आलं. एखाद्याने हॉटेलात न विचारता सगळ्यांसाठी ऑर्डर द्यावी आणि बिल यायच्या वेळी फोन घेऊन बाहेर जावं तसं.

मला माहितीये आता तुमचे अधिकारी काय म्हणतील. दाभोळ जुनी गोष्ट झाली, आपण २०१६ मध्ये नमुना बदलला, जुने करार रद्द केले. बरोबर आहे. आणि त्याबद्दल याच सरकारचं कौतुक करायला मला काही लाज वाटत नाही. पण ते का केलं तेही आठवा, कारण आज नेमकं तेच सोडायची भाषा चाललीये.

व्हाइट इंडस्ट्रीज नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाबरोबर १९८९ चं पिपरवारच्या खाणीचं काम, भांडण झालं, २००२ मध्ये लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूने, आणि मग तो निकाल अंमलात आणायला आपल्या कोर्टात वर्षानुवर्षं तारखा. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद म्हणाला की तुमच्या कोर्टांनी उशीर केला, भारताने भरपाई द्या. गंमत म्हणजे दाद मागायचे परिणामकारक मार्ग देऊ असं वचन ऑस्ट्रेलियाच्या करारात नव्हतंच, ते कुवेतच्या करारात होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या करारात सर्वाधिक पसंतीच्या देशाचं कलम होतं त्यामुळे कुवेतचं वचन ऑस्ट्रेलियन कंपनीला मिळालं. म्हणजे एका करारात ढिलाई केली की ती सगळ्यांना मिळते. हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय कारण पुढे लागणार आहे.

मग व्होडाफोन (मोबाइलवाली) आणि केर्न (तेलवाली) या दोन ब्रिटिश कंपन्या. इथे मात्र मी सरकारच्या बाजूने नाही. व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनचा भारतातला धंदा ११ अब्ज डॉलरला घेतला, व्यवहार केमन आयलंड्समधल्या एका कंपनीच्या शेअरचा, आपल्या टॅक्सवाल्यांनी ११ हजार कोटींच्या वर मागितले, जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे थांबायला हवं होतं. त्याऐवजी त्याच वर्षी कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. खेळ संपल्यावर नियम बदलणं हे कुणाच्याही बाबतीत चूक, मग समोर कंपनी असो की शेतकरी. सप्टेंबर २०२० मध्ये व्होडाफोन लवादात जिंकली, डिसेंबरात तशाच टॅक्सच्या वादात केर्न जिंकली, १.२ अब्ज डॉलर अधिक व्याज. सरकार देईना म्हणून केर्नने देशोदेशीच्या कोर्टांत भारताची मालमत्ता शोधायला सुरुवात केली, न्यूयॉर्कमध्ये एअर इंडियावर दावा लावला, जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या सरकारच्या वीसेक मालमत्तांवर टाच आल्याची बातमी आली आणि ऑगस्टमध्ये तुम्हीच संसदेत तो मागच्या तारखेचा टॅक्स मागे घेणारा कायदा आणलात. केर्नला सुमारे ७,९०० कोटी परत गेले. असे करार नसते तर तो कायदा मागे गेला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक नाही. म्हणून मी हे करार सगळे फाडून टाका म्हणणाऱ्यांतला नाही. सरकारला कधी कधी बाहेरून चाप लागतो.

पण चाप कुठे लावायचा आणि कुठे नाही हेच तर नमुन्यात लिहिलेलं असतं ना. २०१५ मध्ये तुमच्याच खात्याने मॉडेलचा मसुदा मायगव्ह या सरकारी वेबसाइटवर टाकला, लोकांकडून सूचना मागवल्या, न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या लॉ कमिशनने त्यावर २६० वा अहवाल दिला, त्यात मसुद्यावर टीकासुद्धा केली, मग डिसेंबरात कॅबिनेटने मंजूर केला, तोच हा २०१६ चा नमुना. त्यात चार गोष्टी फार महत्त्वाच्या होत्या असं मला वाटतं. कंपनीने आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टात दाद मागायची. टॅक्सचे वाद बाहेर. दुसऱ्याच्या करारातलं वचन उचलायचं कलम नाही. आणि नुसती पाटी लावलेली कंपनी चालणार नाही, त्या देशात खरा धंदा पाहिजे, म्हणजे दाभोळसारखी मॉरिशसची वाट बंद. २०१६-१७ मध्ये पन्नासच्या वर देशांना जुने करार संपवतोय अशा नोटिसा गेल्या. (ते संपले तरी आधी आलेल्या गुंतवणुकीला १०-१५ वर्षं जुनंच संरक्षण चालू राहतं, त्यामुळे आपण अजून पूर्ण सुटलेलो नाही हेही लक्षात असू द्या.)

आणि २०२४ मध्ये यूएईबरोबर नवा करार झाला, ३१ ऑगस्टपासून लागू. त्यात पाच वर्षांची तीन वर्षं झाली. शेअर-बॉण्डमधली गुंतवणूकही आत आली, म्हणजे कारखाना उभा करणारा आणि शेअर बाजारात पैसे फिरवणारा दोघांना सारखंच छत्र. संसदेत यावर किती तास चर्चा झाली असं मी विचारणार नाही, कारण आपल्याकडे असा करार करायला संसदेची मंजुरी लागतच नाही, कॅबिनेटने ठरवलं की झालं. आता युरोपियन युनियनशी २०२२ मध्ये व्यापाराबरोबरच सुरू झालेल्या गुंतवणूक संरक्षणाच्या वेगळ्या वाटाघाटी, ब्रिटनचा वेगळा विषय, समोर बसलेला प्रत्येक जण म्हणणार की यूएईला तीन दिलीत मग आम्हाला तीन का नाही, खरं तर दोन करा, नाहीतर काढूनच टाका. कलम नसलं तरी वाटाघाटीत पसंतीचा देश असाच तयार होतो.

आपल्या कोर्टात तीन वर्षांत व्यापारी दाव्याचं काय होतं ते मुंबईत कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. तीन वर्षं म्हणजे कंपनीने कागद जमवत थांबायचे दिवस. मला वाटतं हा आजार कोर्टाच्या तारखांचा आहे आणि औषध कराराला लावलं जातंय. व्यापारी न्यायालयं नीट चालवा, जज भरा, निकालाची अंमलबजावणी वर्षभरात होऊ दे, त्याचा फायदा परदेशी कंपनीला होईल आणि भोसरीच्या ज्या छोट्या वर्कशॉपवाल्याचं मोठ्या कंपनीने बिल थकवलंय त्यालापण होईल. लवादाची खिडकी फक्त पहिल्यासाठी उघडते.

तुमच्याकडून येणारा मुख्य मुद्दा मला माहितीये, गुंतवणूक. आकडे बघू. करार रद्द झाल्यानंतर देशात येणारी एकूण थेट परदेशी गुंतवणूक कमी न होता वाढली, २०२१-२२ मध्ये जवळपास ८५ अब्ज डॉलरवर गेली. २०२४-२५ मध्येही ८० च्या वर आली. घसरली ती निव्वळ, आलेल्यातून गेलेली वजा करून उरणारी, ती त्या वर्षी एक अब्जाच्याही खाली, आणि हे लोक घाबरवायला वापरतात. पण ती का घसरली? इथे आधीच पैसे कमावलेल्यांनी हिस्सा विकून नफा घरी नेला, ह्युंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ आठवा, तो पूर्णच्या पूर्ण मूळ कंपनीने आपले शेअर विकण्याचा होता, आणि आपल्या कंपन्यांनी बाहेर पैसे घातले. यात लवादाच्या कलमाचा संबंध कुठे आला? ज्याला नफा घेऊन सुखरूप बाहेर पडता येतं त्याला संरक्षण कमी पडलं असं म्हणणं जरा अतीच होतं. अमेरिका आपल्याकडच्या मोठ्या गुंतवणूकदारांपैकी एक आणि तिच्याशी करारच नाही. ब्राझीलने नव्वदच्या दशकात असे डझनभर करार सही केले पण एकही मंजूर केला नाही, तरी पैसा तिकडे वर्षानुवर्षं भरभरून जातोय. कंपन्या बाजार बघतात, वीज बघतात, रस्ता, बंदर, माणसं बघतात. कराराचं कलम त्यांचे वकील बघतात, तेही बहुतेकदा भांडण सुरू झाल्यावर.

आमच्या तळेगावचंच घ्या. जनरल मोटर्सने २०२० च्या शेवटी प्लांट बंद केला, तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं होतं, जून २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी हजारो कोटींचा करारही केला, पण एप्रिलमध्येच केंद्राने शेजारी देशांच्या गुंतवणुकीला आधी परवानगी घ्या असा नियम केला होता, मग गलवान झालं, परवानगी आलीच नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार बारगळला. सुरक्षेचा निर्णय होता, मी त्याला चूक म्हणत नाही. पण लटकले कोण? प्लांटमधले हजारावर कामगार. त्यांच्या नोकरीचं संरक्षण कुठल्या देशाबरोबरच्या करारात लिहिलेलं नव्हतं. पुढे ह्युंदाईने तो प्लांट घेतला ते वेगळं.

आणि मोठे देश स्वतः काय करतायत ते तरी बघा. अमेरिकेने नाफ्टाच्या, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या जुन्या व्यापार कराराच्या, जागी नवा करार केला त्यात कॅनडाबरोबर हे कंपनी-विरुद्ध-सरकार कलम संपवून टाकलं. युरोपातल्या देशांनी २०२० मध्ये आपापसातले असे करार एकत्र बसून रद्द केले. जर्मनीने अणुऊर्जा बंद करायचं ठरवलं तर स्वीडनच्या व्हॅटनफॉलने लवादात खेचलं, शेवटी २०२१ मध्ये चार वीज कंपन्यांना मिळून २.४ अब्ज युरो द्यायचं ठरलं, नंतर ज्या एनर्जी चार्टर करारावर ही केस होती त्यातूनच युरोपियन युनियन बाहेर पडली. डिसेंबर २०२० मध्ये युरोप आणि चीनने सात वर्षं घासाघीस करून गुंतवणुकीचा मोठा करार जाहीर केला, त्यातही कंपनीने सरकारवर केस टाकायची सोय नव्हती, आणि तोही मे २०२१ मध्ये युरोपच्या संसदेने ५९९ विरुद्ध ३० मतांनी थांबवला. बघा, त्यांच्या संसदेला मत देता येतं. जे कलम हे लोक एकमेकांना द्यायला तयार नाहीत ते आपल्याकडून मागतायत, आणि आपण त्याला इन्व्हेस्टर-फ्रेंडली म्हणतोय.

आपल्या कंपन्याही बाहेर जातात, त्यांनाही संरक्षण लागेल, हा मुद्दा मी मान्य करतो. टाटांनी कोरस घेतली, जग्वार लँड रोव्हर घेतली, पुण्या-मुंबईच्या किती कंपन्या आफ्रिकेत आहेत. पण ओडिशाची इंडियन मेटल्स इंडोनेशियाच्या कोळसा परवान्यांवरून भारत-इंडोनेशिया करारावर लवादात गेली होती, २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला आणि उलट इंडोनेशियाचा खर्च अंगावर आला. तिकडे पाकिस्तानचं बघा, बलुचिस्तानच्या रेको डिक खाणीत एका परदेशी कंपनीने घातले साधारण २२ कोटी डॉलर आणि २०१९ च्या जुलैमध्ये निकाल आला ५.८ अब्ज डॉलरचा, नेमका त्याच महिन्यात आयएमएफने त्यांना ६ अब्जांचं कर्ज मंजूर केलं होतं. त्यांचं झालं म्हणून टाळ्या वाजवू नका. तो निर्णय एका प्रांताच्या खाणीचा होता, दंड अख्ख्या देशाला.

हेच आपल्याकडे. करार करायचा अधिकार केंद्राचा, पण जमीन राज्याची, पाणी राज्याचं, आरोग्य, पोलीस राज्याचे, वीज दोघांची. गेल्या काही वर्षांच्या एकूण परदेशी गुंतवणुकीत महाराष्ट्र पहिल्या नंबरवर, त्याचे बॅनर आपण लावतो, पण याचाच अर्थ असा की उद्या लवादात जाणारे वाद सगळ्यात जास्त इथूनच निघणार. एखाद्या नगरपालिकेने प्रदूषणावरून परवाना थांबवला, वीज आयोगाने दर कमी केला, राज्याने दुष्काळात उद्योगाचं पाणी तोडून गावाला दिलं, आंतरराष्ट्रीय कायद्यात ते सगळं भारत सरकारने केलं असंच धरलं जातं. मग वाटाघाटीच्या खोलीत राज्याचा एक तरी माणूस असतो का?

तर आता मागण्या. नवा मसुदा तयार झाला की सही व्हायच्या आधी २०१५ सारखाच लोकांसमोर टाका, निदान साठ दिवस द्या, आणि मराठीतसुद्धा टाका, कारण वेलदूरच्या माणसाने इंग्रजीतलं पन्नास पानी कलम वाचून सूचना पाठवावी ही अपेक्षा बरी नाही. लॉ कमिशनकडे पुन्हा पाठवा. परराष्ट्र व्यवहाराच्या संसदीय समितीने २०२१ मध्ये याच विषयावर अहवाल दिलाय, खासदारांनो, तो तुमच्याच समितीचा आहे, निदान तो वाचून एक प्रश्न तरी विचारा. पाच वर्षांची अट कमी करायचीच असेल तर आधी व्यापारी कोर्टांचं वेळापत्रक दाखवा आणि मग करा. टॅक्स बाहेर ठेवा, पण मागच्या तारखेचा टॅक्स पुन्हा लावणार नाही हे आपल्याच कायद्यात पक्कं करा, म्हणजे त्या कारणासाठी कुणाला हेगच्या लवादाकडे जावं लागणार नाही. पाटीवाल्या कंपन्यांची वाट कुठल्याही देशासाठी उघडू नका, समोरचा कितीही मोठा असला तरी.

ईएफटीए देशांबरोबरच्या व्यापार करारात, स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे, १ ऑक्टोबर २०२५ पासून जो लागू झाला, त्यात तुम्ही एक वेगळी गोष्ट केलीत. १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख नोकऱ्यांचं उद्दिष्ट त्यांच्याकडून लिहून घेतलंत, आणि ते झालं नाही तर लांबलचक चर्चेनंतर का होईना आपण सवलती मागे घेऊ शकतो. उद्दिष्टच आहे, खाजगी कंपन्यांवर सक्ती नाही, हे मला कळतं, आणि १०० अब्ज खरंच येतील यावर माझा फार विश्वास नाही. पण निदान तिथे आपण द्यायच्या आधी काय मिळणार हे विचारलं. युरोपियन युनियनसमोर आणि ब्रिटनसमोर बसताना तेच विचारा ना. गुंतवणूकदाराला हक्क देताय तर त्याच पानावर जबाबदारीपण लिहा, लाच दिली, पर्यावरणाचा कायदा मोडला, लोकांना पोलिसांकरवी झोडपलं तर लवादात जायचा हक्क गेला, इतकं साधं. २०१६ च्या नमुन्यात जबाबदाऱ्यांचं प्रकरण आहे पण दात नाहीत, इन्व्हेस्टर-फ्रेंडलीच्या नादात तेही उडवू नका म्हणजे मिळवली.

शेवटची मागणी अगदी छोटी आणि बिनखर्चाची. भारतावर आजवर झालेल्या अशा सगळ्या केसेसचा एक तक्ता तुमच्या वेबसाइटवर टाका. कुणी केली, कुठल्या करारावर केली, वकिलांवर किती गेले, निकाल काय, तडजोडीत किती दिले आणि ते कुठल्या खात्यातून, केंद्राच्या, राज्याच्या, बँकेच्या की वीजग्राहकाच्या. दाभोळची ओळ सगळ्यात लांब होईल, पण सुरुवात तिथूनच करा. हे पत्र पोस्टानेही पाठवतोय. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारच आहे.

आपला,
चिपळूणचा एक वीजग्राहक